गच्चीवरच्या ग्रिलसाठी भक्कम लाकडी टेबल : बजेट ६ हजार, सुचवा

मानेवाडा_गच्ची
कोळशाची ग्रिल आहे, वेल्डरकडून अर्ध्या ड्रमची करून घेतलेली. पाय जेमतेम चार इंच, म्हणून फरशीवर मांडून वाकून वाकून भरिताची वांगी भाजावी लागतात. कमरेच्या उंचीचं टेबल करायचंय, साडेतीन फूट बाय दोन. गच्ची उघडी, शेड नाही. मजुरी धरून ६ हजार. लाकूड कोणतं घेऊ आणि ग्रिलखाली काय टाकू? लोखंडी घ्या असं कृपया सांगू नका.

अँगलवाला
लोखंडी घ्या. अँगलचा सांगाडा, वर कडप्पा. माझा बारा वर्षं झाली, हलला नाही.

सीपी_सागवान
सागवानाशिवाय दुसरं नाव घेऊ नका. नव्या संसदेत नागपूरचं सागवान लागलं, अयोध्येच्या मंदिराच्या दरवाजांना बल्लारपूरचं. मी डायनिंग टेबल करून घेतलं, सत्तर हजार गेले, पण पाहुणा आला की आधी टेबलालाच हात लावतो.

तर्रीबाज
अजी, तिथं दरवाजे आहेत, इथं वांगे भाजून राहिले. ताईनं ६ हजार लिहिले, वाचलं काहून नाही?

सीपी_सागवान
वाचलं. ६ हजारांत टेबल होत नाही, स्टूल होतं.

बुटीबोरीकर
एमआयडीसीत माल ठेवतात ते जुने लाकडी पॅलेट घ्या, स्वस्तात मिळतात. फक्त शिक्का पाहा. ‘एचटी’ म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेली, ते चालेल. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली, ते खाण्याच्या जवळ आणू नका. त्यांचं पाइन लाकूड हलकं असतं, पावसात टिकवायचं तर दरवर्षी तेल द्यावं लागेल.

वैदर्भी_काकू
आमच्याकडे पाण्यात टिकणारं मरीन प्लाय म्हणून दिलं, त्याच्या मानकाचा ७१० नंबरचा शिक्का पण होता. पहिल्याच पावसाळ्यात कडा पापडासारख्या फुगल्या. दुकानदार म्हणे, तुम्ही कापल्यावर कडा सील केल्या नाहीत. आता त्यावर कुंड्या ठेवल्या. आणि हो, भरिताला बिनकाट्याची वांगी घ्या, जळगावकडची.

तर्रीबाज
काकू, जळगाव कशाला? आपल्याकडची वांगी काय कमी आहेत? काटेरी असली तरी चव पाहा न.

वैदर्भी_काकू
काटे काढता काढता बोटं जातात, चवीला काय करू?

अँगलवाला
लोखंड घेतलं तर वाळवी नाही, फुगणं नाही. परत सांगतो.

रंधा_आणि_करवत
सुतारकाम करतो म्हणून लिहितो. लाकूड कोणतंही घ्या, भानगड ग्रिलखाली आहे. लाकूड एकदम पेटत नाही. रोज थोडं थोडं तापून आतून कोळसतं आणि मग पूर्वीपेक्षा कमी उष्णतेत पेट घेतं. चार इंची पाय पुरत नाहीत, कारण ड्रमचं बूड खाली तापतं आणि राखही सांडते. फळीवर नुसता कडप्पा ठेवाल तर तो तडकेल, वर फळी तापेलच. आधी सिमेंट बोर्ड, त्यावर भट्टीत लावतात त्या उष्णता सोसणाऱ्या विटा आडव्या, मध्ये बोटभर फटी, त्यातून हवा फिरली पाहिजे. ग्रिल विटांवर.
फळ्यांमध्येही पाव इंच फट सोडा, पाणी निघून जाईल. पाय ३ बाय ३ इंच, खाली तिरपे आधार, नाहीतर कोळसे ढवळताना टेबल डुलेल. खिळे नकोत, स्टीलचे बोल्ट घाला. पायाच्या तळाला, जिथं लाकडाच्या कापलेल्या रेषा उघड्या असतात, तिथं दोन हात जास्त तेल पाजा, पाणी तिथूनच चढतं.
जवसाचं तेल वापरलं तर पुसलेली चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती आपोआप तापते, आपल्या मे महिन्याच्या उन्हात तर विचारूच नका. पाण्यात बुडवून मग फेका.

बुटीबोरीकर
हेच सांगायचं होतं, पाय जाड हवेत.

लकडगंज_फॅन
लकडगंजच्या लाकूडबाजारात फिरून या, कापलेले तुकडे स्वस्तात देतात. मी ओळखीनं नेतो, ओळख नसेल तर भाव वेगळा.

सीपी_सागवान
तुकड्यांत सागवान मागा. बाभूळ वगैरे कोणी गळ्यात मारेल, घेऊ नका. करवतीचे दात जातात आणि सालीखालच्या पांढऱ्या भागात भुंगा लागतो.

तर्रीबाज
बाभूळ काय वाईट आहे? बैलबंडीची चाकं बाभळीचीच असायची.

रंधा_आणि_करवत
वाळलेली बाभूळ चांगली, पण कापायला कार्बाइडचं पातं हवं. सुतार मजुरी वाढवून मागेल, आधीच ठरवा. ओली घेतली तर फाटेल.

मानेवाडा_गच्ची
सगळ्यांचे आभार. अँगलवाला सोडून 🙂. मामाच्या काटोलच्या गोठ्यात बाभळीच्या जाड फळ्या कित्येक वर्षांपासून पडून आहेत, मोडलेल्या बंडीच्या. मामा म्हणाला घेऊन जा. पांढरा भाग कापून टाकू, आतला तांबूस गाभा ठेवू. लाकूड फुकट, म्हणून मजुरी आणि विटांवर खर्च करते. बोर्ड आणि फटी रंधा भाऊंच्या म्हणण्याप्रमाणे.

सीपी_सागवान
पस्तावाल.

अँगलवाला
पस्तावल्यावर सांगा, वेल्डर आहे ओळखीचा.

वैदर्भी_काकू
मानेवाड्यात कुठं, ताई? आमची मुलगी पण तिकडंच आहे. वांगी ती आणेल.