संध्याकाळपर्यंत पोटाचा नगारा होतो, नेमकं काय बंद करायचं?

माळवी_सून (इंदूर): सासरे ६२ वर्षांचे, मधुमेह आहे. सकाळी पोह्यांवर मूठभर सेव आणि कच्चा कांदा, दहाला ग्लासभर दूध, आठवड्यातून दोनदा छोले. पाचपर्यंत पोट टम्म फुगतं, वायूला वास फार. ढेकर मात्र कमी. हिंगाचं पाणी आणि लिंबू-सोडा चालू आहे. सगळं बंद करून मुगाच्या खिचडीवर ठेवू का?

आहारवही: नको, ताई. आधी घड्याळ पाहा. जेवताना किंवा लगेच ढेकर येतात ती बहुतेक गिळलेली हवा. काही तासांनी पोट फुगून वायू खालून सरतो, तो मोठ्या आतड्यात तयार झालेला. न पचलेली साखर तिथले जिवाणू आंबवतात; त्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींत मिथेन निघतो. या तिघांना वास नसतो, वास येतो तो थोड्याशा गंधकयुक्त वायूंचा. दिवसाला १०-२० वेळा वायू सरणं तर नेहमीचंच.

पोह्यांना दोष देऊ नका, ते सहसा सहज पचतात. संशय दूध, कांदा आणि सेवेतल्या बेसनावर. दोन आठवडे फक्त दूध बंद करा. चहातलं, भुट्ट्याच्या किसातलं दूध आणि मावाही त्यातच धरा; दही बहुतेकांना चालतं. फरक नाही पडला तर दूध परत सुरू, मग कांद्याची पाळी. दोन गोष्टी एकदम सोडल्या की दोषी कोण ते कळतच नाही.

कुकर_शिट्टी: छोल्यांबद्दल. त्यातल्या रॅफिनोज, स्टॅकिओज या साखरा तोडणारं एन्झाइम आपल्या लहान आतड्यात नसतं. वाटीभर छोले चार वाट्या पाण्यात १०-१२ तास भिजवा, मधे एकदा पाणी बदला. सकाळी ते पाणी फेका. बरेच जण त्यातच शिजवतात आणि सुटलेली साखर परत पोटात जाते. मग नव्या पाण्यात कुकर लावा. दाणा दोन बोटांत लोण्यासारखा दबला पाहिजे. मधे कडक ठिपका राहिला तर आणखी दोन शिट्ट्या. सुरुवातीला शिजलेले पाव वाटीच वाढा. हिंगाने काहींना बरं वाटतं, पण या साखरा तो तोडत नाही. सोड्याने पोटात कार्बन डायऑक्साइडच वाढतो. ढेकर आली की मोकळं वाटतं, एवढंच.

गोळीचं_पान: मधुमेहाच्या गोळ्यांची नावं वाचा. अकार्बोज किंवा व्होग्लिबोज असेल तर गॅस बऱ्याचदा होतो: ही औषधं पिष्ट पचायला उशीर लावतात, उरलेलं मोठ्या आतड्यात जातं. मेटफॉर्मिननेही होतो. गोळी परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना सांगा, मात्रा किंवा औषध बदलता येतं. शुगर-फ्री गोळ्या-चॉकलेटांत सॉर्बिटॉल (साखरेऐवजी गोडीला घालतात ते) असेल तर तेही कारण. गॅसवरच्या औषधांतलं सिमेथिकोन फक्त बुडबुडे एकत्र करतं, आंबणं थांबवत नाही. शौचाला साफ होत नसेल तर इसबगोल अर्ध्या चमच्यापासून, ग्लासभर पाण्याबरोबर. एकदम दोन चमचे घेतले की पोट आणखी फुगतं.

हा त्रास या वयात नव्यानेच सुरू झाला असेल, वजन घटत असेल, शौचात रक्त असेल किंवा जुलाबाने रात्री जाग येत असेल, तर प्रयोग करत बसू नका, तपासून घ्या. आणि छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली तर तो गॅस समजून सोडा पाजू नका, तडक ईसीजी काढा. मधुमेहींमध्ये हार्ट अटॅकची कळ पुष्कळदा सौम्यच असते.