पायलोनायडल सायनस: जखम उघडी ठेवायची की फ्लॅप?

बसून_कंटाळलो: पायलोनायडल सायनस आहे, म्हणजे केस आत अडकून कातडीखाली झालेली पोकळी. माकडहाडाजवळ, नितंबांच्या फटीत दोन छिद्रं आहेत. गळू झालं तेव्हा चीर देऊन पू काढला, तेवढ्यापुरतं बरं वाटलं. आता पुन्हा पाझरतंय. एक सर्जन म्हणतात, सगळं कापून जखम उघडी ठेवू. दुसरे लिम्बर्ग फ्लॅप सुचवतात, म्हणजे बाजूची कातडी फिरवून जखम झाकायची. काम दिवसभर खुर्चीत. अनुभव सांगा.

गॉझवाला: माझी उघडी ठेवली होती. ऑपरेशनचं काही वाटलं नाही, ड्रेसिंगने जीव काढला. गॉझ आत सुकून चिकटायचं. सलाईनने भिजवून हळूहळू सोडवावं लागे. बायको टॉर्च धरून बघायची, तळ लाल, दाणेदार आहे ना, कडेचे केस आत वळलेत का. ती जागा आपल्याला दिसतच नाही, तेव्हा ड्रेसिंग कोण करणार हे आधी ठरवा, मग तारीख घ्या. भरायला महिने गेले. वरची कातडी आधी जुळून खाली पोकळी राहिली तर पुन्हा उघडावं लागतं.

तिरका_टाका: मी लिम्बर्गवाली. पत्त्यांतल्या चौकटच्या आकारात भाग काढून बाजूची कातडी चरबीसकट फिरवून बसवतात. काही दिवस ड्रेन (आतलं पाणी बाहेर काढणारी नळी), पालथं झोपणं, उकिडवं बसायला मनाई. पण खुर्चीवर लवकर परतले. व्रण मोठा आहे आणि तिथे अजून बधिर वाटतं.

सर्जनना एकच विचारा: टाक्यांची रेघ कुठे येणार? मधोमध शिवलं की घाम, ओढ, केस सगळं तिथेच. टाके उसवतात, आजार उलटतोही जास्त. २०१० च्या कॉक्रेन आढाव्याचाही (अनेक अभ्यास एकत्र तपासून केलेला) निष्कर्ष हाच, शिवायचंच तर मध्यरेषा टाळून. कॅरिडॅकिस या ग्रीक सर्जनची पद्धत त्यावरच उभी आहे: रेघ बाजूला, फट उथळ. लिम्बर्गचंही खालचं टोक मधोमध आलं तर तिथेच चिघळतं, म्हणून बरेच जण ते थोडं सरकवून घेतात.

बसून_कंटाळलो: पण दोनच छिद्रांसाठी एवढं कापायचं? लेझरचं काय?

तिरका_टाका: रास्त आहे. आजार छोटा असेल तर छिद्रं कोरून आतले केस काढणं, आत फिनॉल (एक रसायन) घालणं, लेझर, सगळं चालतं. दुखणं कमी, सुट्टी कमी. उलटण्याची शक्यता मात्र जास्त धरा. आत पू साठला असेल तर आधी त्याचा निचरा.

गॉझवाला: आणि सिगारेट ओढत असाल तर आधी बंद करा, जखम भरायला त्रास देते. नंतर त्या भागातले केस लेझरने काढून घेतलेत तर उत्तम, मीही तेच केलं.