काळ्या मातीत एटीव्हीचं फेंडर घरीच कापावं का नाही?

संत्रा_पट्टा
राजेहो, सल्ला पाहिजे. म्हणजे मी अर्धं ठरवूनच बसलो पण घरचे आडवे येऊन रायले. वरुडकडे संत्र्याचं आहे आपलं, दोन वर्षांआधी फवारणीचा टाका ओढायले सेकंडहँड एटीव्ही घेतली (मोटरसायकलसारख्या हँडलची उघडी चारचाकी, गावात तिले चारचाकी लुना म्हणतात, ते सोडा). आधीच्या मालकानं 25 इंची टायर काढून 27 चे टाकून ठेवले. उन्हाळाभर काही त्रास नाही, पण पाऊस पडला का पांदणीत काळा गारा टायर अन् फेंडरच्या (चाकावरच्या मडगार्डच्या) मधात असा ठासून बसते का पन्नास पावलांवर चाक जाम. उतरा, तुराटीनं कोरा, पुन्हा बसा, पुन्हा उतरा. हँडल पुरं वळवलं का टायर कोरडाही घासते. म्हणून पुढच्या फेंडरचा मागचा खालचा कोपरा दोन-तीन इंच उडवून टाकावा म्हणतो, घरीच, ग्राइंडरनं. बाबा म्हणतात चांगल्या वस्तूले आरी लावतं, अक्कल गहाण ठेवली का. तुमचं काय म्हणणं?

गॅरेजवाला
बाबांचं ऐक. फेंडर काही शोभेसाठी नसते. तू जो कोपरा उडवून रायला तोच पुढच्या चाकाचा गारा अन् गोटे तुया पायावर, तोंडावर येऊ देत नाही, अन् बूट घसरला तर पाय चाकात जाऊ देत नाही. मूळ घोळ 27 चा टायर आहे. 25 चा 27 झाला म्हणजे गिअरिंग आठ टक्के जड झालं, त्यात मागं पाण्यानं भरलेला टाका, अन् तुया गाडीले गिअरच्या जागी बेल्ट असन तर तो घसरून तापते, मंग एक दिवस पांदणीतच तुटते. जुन्या मापाचे टायर टाक, घासणं आपोआप बंद. दुखणं रेड्याले अन् डाग पखालीले देऊ नको.

तुराटी_पऱ्हाटी
भाऊ तुमी डांबरी रोडवर उभे राहून बोलून रायले काय? काळी माती भिजली का फुगते, चिकटते, चाकावर थरावर थर चढते अन् मंग इटेसारखी घट्ट होते. 25 टाका नाहीतर 23 टाका, गाऱ्याले निघाले जागा नसन तर जाम होणारच. आमच्याकडं पावसाळ्यात मोटरसायकलचं पुढचं मडगार्ड काढून खुंटीले टांगणारे किती दाखवू? तोंडावर उडते तं उडू द्या, दुपट्टा कायले असते. अन् हिशोब पाहा, व्यास 2 इंच वाढला म्हणजे वरच्या अंगानं गॅप 1 इंचच कमी झाला, जुने टायर टाकून तेवढाच परत भेटन. तेवढ्यात काय होते! काप तू बिनधास्त.

गॅरेजवाला
मडगार्ड काढून टांगणं वेगळं अन् कापणं वेगळं. दिवाळीले तो परत बसवते. कापलेलं काय चिकटवसान? ते प्लास्टिक बहुतेक पॉलिप्रॉपिलीन (पीपी) नाहीतर पॉलिथिलीन (पीई) असते, फेविक्विकले दाद देत नाही. अन् उद्या गाडी विकायची म्हटली तर गिऱ्हाईक आधी तो कापलेला कोपराच पाहीन.

बैलजोडी
मले एक सांगा, ओल्या वावरात एवढी जड गाडी घालायचीच काऊन? ओली काळी माती चाकाखाली दबली का मंग पाणी मुरत नाही, झाडाच्या मुळीले हवा भेटत नाही. फवारणी दोन दिवस पुढं ढकला. फेंडर वाचते, टायर वाचते, झाडही वाचते.

संत्रा_पट्टा
बैलजोडी भाऊ, पाऊस लागून राहिला का ब्राउन रॉट (फळकूज) लागते अन् झाडाखाली फळाचा सडा पडते, ते दोन दिवस थांबते का? वाफसा येईपर्यंत थांबलो तर तोडायले काय राहीन. अन् बैल माह्याकडं होते, मीच विकले, त्यावर मीठ नका चोळू. बाकी मातीचं तुमचं पटते, झाडाच्या ओळीत गाडी मी नेतच नाही, पांदणीतून धुऱ्यावर उभी करतो अन् पाइप ओढतो. जाम होते ते पांदणीतच.

ड्रिपवाला
कापा का नका कापू यात मी पडत नाही, पण ग्राइंडर नको बाप्पा. जोरात फिरणाऱ्या चकतीनं प्लास्टिक कापल्या जात नाही, वितळते, मागं पुन्हा चिकटते अन् चकती अडकून हातातून उसळते. बारीक दाताचं हॅक्सॉ ब्लेड घे, नाहीतर जिगसॉ एकदम हळू स्पीडवर. अन् त्याच्याही आधी टायरले ओला चुना फास, टाका जोड, दोन गडी पुढच्या कॅरिअरवर बसव म्हणजे सस्पेंशन दबते, मंग हँडल इकडून तिकडं पुरं वळव. चुना जिथं लागीन तेवढंच घासते. मी भावाच्या गाडीवर असं केलं तं चार बोटं कापायचं ठरलं होतं, दीड बोटातच भागलं. आतला कोपरा काटकोनात कापू नको, तिथूनच तडा जाते, पहिले ड्रिलनं 10 एमएमचं भोक पाड अन् दोन्हीकडून त्या भोकापर्यंत काप. कड कानशीनं घास. अन् कडेवर चढवायची रबरी बीडिंग विकत घेऊ नको, 16 एमएमची जुनी ड्रिपची नळी उभी चिरली का कडेवर मस्त बसते, उन्हाले तर ती बनलेलीच आहे.

तुराटी_पऱ्हाटी
नळीचं भारी सांगितलं राव!

गॅरेजवाला
नळी लावली म्हणून माहं मत बदलत नाही. पण चुन्याचं बरोबर आहे, ते तरी कर. अन् घासणं एकाच बाजूनं जास्त दिसलं तर फेंडरची पट्टी वाकली का पाह्य, सेकंडहँड गाडी कधी पडली असन तर वाकते. ती सरळ करायले आरी लागत नाही.

संत्रा_पट्टा
केलं. चुना दोन्हीकडं लागला पण डावीकडं जास्त, अन् डावी पट्टी खरंच वाकलेली निघाली, गॅरेजवाले भाऊ हात जोडले. सरळ केली तर कोरडं घासणं डावीकडं जवळपास गेलं. गाऱ्याचं मात्र तसंच, काल पांदणीत पुन्हा उतरलोच. तर उद्या दोन्ही कोपरे दीड-दीड इंच, गोल, हॅक्सॉनं. टायर पुढच्या हंगामात पाहू, आंबिया बहाराचा पैसा आला तर. बाबाले सांगितलं का पट्टी सरळ करून रायलो.

गॅरेजवाला
ऐकत नाहीस तर निदान कापलेले तुकडे फेकू नको. एक तुकडा पाण्यात टाकून पाह्य, तरंगला तर पीपी-पीईतलं, बुडाला तर दुसरं काही. उद्या तडा गेला तर वेल्डिंगले त्याच प्लास्टिकची काडी लागते, बाहेरची धरत नाही. डब्यात ठेव अन् डब्यावर लिहून ठेव, नाहीतर बाबा चुलीत टाकतीन.