रस्त्याकडच्या खिडक्या बदलायच्या आहेत, परवानगी लागते का? (सातारा) तातडीने मदत हवी आहे

पुणेकर_मूळसातारा
नमस्कार. साताऱ्यात व्यंकटपुरा पेठेत आमचं जुनं घर आहे. पुढच्या बाजूच्या पाचही लाकडी खिडक्या काढून यूपीव्हीसीच्या (कडक प्लॅस्टिकच्या) बसवायच्या आहेत. माल तयार आहे, ॲडव्हान्स दिलाय, सोमवारी माणसं येणार. काल समोरचे काका येऊन सांगून गेले, "परवानगीशिवाय हात लावलात तर मी पालिकेत अर्ज देणार." खिडक्या बदलायला परवानगी लागते का? लागत असेल तर कुणाकडे आणि किती दिवसांत मिळते? कृपया हो किंवा नाही एवढंच सांगा. मी पुण्यात नोकरीला आहे, परत रजा मिळणार नाही.

कृष्णाकाठ
नाही लागत. आम्ही सांगलीत गावभागात राहतो. २०१९च्या पुरानंतर तळमजल्याच्या झाडून सगळ्या खिडक्या बदलल्या. लाकूड फुगून झडपा लागेनाशा झाल्या होत्या, ॲल्युमिनिअम बसवलं. कुणी विचारायला आलं नाही. बिनधास्त बसवा.

ओळंबा
कुणी विचारलं नाही म्हणजे परवानगी लागत नव्हती असं होत नाही. पूर ओसरल्यावर सगळा गावभाग दुरुस्तीला लागला होता, तेव्हा कोण कुणाच्या खिडकीकडे बघणार?

धागाकर्ते, मी परवानाधारक इंजिनिअर आहे. हो-नाही सांगतो, पण आधी एवढं कळू द्या. आहे त्याच मापाची खिडकी बसणार की माप वाढणार? भिंत कशाची आहे? भिंतीच्या बाहेर रस्त्यावर काही येणार आहे का? आणि मालमत्ता पत्रकावर नाव कुणाचं आहे?

चौकोनी_चंद्र
२०२०च्या डिसेंबरमध्ये राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली. तिच्यात १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर परवानगीची कटकट ठेवलेलीच नाही. परवानाधारकाचं प्रमाणपत्र आणि शुल्क भरल्याची पावती एवढ्यावर काम सुरू करता येतं. तुमचा प्लॉट किती आहे?

ओळंबा
ती सवलत नवीन घर बांधणाऱ्यांसाठी आहे. यांना खिडकी बदलायचीय.

पुणेकर_मूळसातारा
माप थोडं वाढतंय. आत्ता तीन बाय चार आहेत, त्या पाच बाय साडेचार होतील. स्लायडिंगला एवढं माप लागतंच असं ॲल्युमिनिअमवाला म्हणाला. भिंत जुनी आहे, जाड आहे. आता हो की नाही ते सांगा ना.

कृष्णाकाठ
तीनाची पाच म्हणजे थोडं नाही वो, क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट झालं हे.

ओळंबा
मग आता नीट सांगतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६, कलम ४३. बांधकामात बदल करायला परवानगी लागते, पण काम फक्त आतल्या बाजूचं असेल किंवा इमारतीच्या बाहेरच्या रूपात लक्षणीय फरक पडत नसेल तर लागत नाही. सडलेली चौकट काढून त्याच भगदाडात त्याच मापाची दुसरी बसवली तर ती दुरुस्ती. रस्त्याकडची भिंत दोन फूट फोडून भगदाड मोठं केलं की विषय बदलला.

वकिली_चष्मा
ओळंबा साहेब, अर्धंच सांगताय. एकत्रित नियमावलीत परवानगी न लागणाऱ्या कामांची यादी आहे. गिलावा, फरशी, रंग, कौलं बदलणं, आणि दुसऱ्याच्या मिळकतीकडे न उघडणारी खिडकी किंवा दार नव्याने पाडणं किंवा बुजवणं. नवीन खिडकी पाडायला चालते तर आहे ती मोठी करायला का चालू नये? रस्ता म्हणजे काही समोरच्या काकांची मिळकत नव्हे. माझ्या मते परवानगी नको.

ओळंबा
यादी बरोबर आहे. पण तिच्या डोक्यावर अट लिहिलीय ती वाचा: इमारतीची मजबुती, अग्निसुरक्षा आणि सर्वसाधारण बांधकाम नियम यांना बाधा येत नसेल तर. व्यंकटपुऱ्यातलं जुनं जाड भिंतीचं घर म्हणजे बहुतेक पांढऱ्या मातीत रचलेली विटेची किंवा दगडाची भिंत, आणि माडीचा सगळा भार तिच्यावर. आरसीसीचा सांगाडा असता तर मी तुमच्याशी सहमत झालो असतो. इथे खिडकीवरचं आडवं लाकूड तीन फुटांच्या हिशेबाने टाकलेलं असतं, दोन्ही बाजूंना भिंतीत जेमतेम वीतभर रुतलेलं. खालचा आधार दोन फूट काढून घेतला की ते लाकूड कशावर टेकणार? एका भिंतीत पाच भगदाडं वाढवली तर मधले खांबासारखे उरलेले भाग किती राहतात, तेही मोजा.

वकिली_चष्मा
मजबुतीचा मुद्दा मान्य. पण ती तांत्रिक बाब झाली. इंजिनिअरचा दाखला घेतला की अट पूर्ण होते.

ओळंबा
दाखला देणाऱ्याने भिंत बघितली तर. मी तरी पाहिल्याशिवाय सही करणार नाही.

रंधा
मला आधी एक सांगा, खिडक्या काढताय कशासाठी? काय झालंय त्यांना?

पुणेकर_मूळसातारा
खाली वाळवी लागलीय, झडपा बसत नाहीत. पावसाळ्यात यवतेश्वराकडून झड आली की पाणी थेट पलंगापर्यंत येतं. आई एकटी असते, तिला त्या जड झडपा ओढवत नाहीत. मला तिच्यासाठी हे काम दिवाळीच्या आत करायचंय. आणि ॲल्युमिनिअमवाला जुन्या चौकटी फुकट काढून नेणार आहे, तेवढी मजुरी वाचते.

रंधा
थांबा. जुन्या सागवानी चौकटी तो फुकट नेणार, आणि मजुरी तुमची वाचतेय? अहो, त्या काळचं सागवान आज वखारीत पैसे देऊनही तसं मिळत नाही. जुन्या लाकडाचे व्यापारी मोजून पैसे देतात. सोमवारी कुणालाही एक गज उचलू देऊ नका.

आता वाळवीचं. एक पेचकस घ्या आणि त्याच्या मुठीने चौकटीवर खालून वर ठोकत जा. भद्द आवाज येतो तेवढं गेलंय, टणक आवाज लागला की तिथून वर लाकूड शाबूत. बहुतेक घरांत खालचा आडवा उंबरा आणि उभ्या बाजूंचं वीतभर एवढंच गेलेलं असतं, कारण पाणी तिथे साचतं. तेवढं कापून नव्या सागवानाचा तुकडा तिरका सांधा करून बसवता येतो. झडपा रंधून, कडी-कोयंडे, बिजागऱ्या बदलून, बेलतेलाचे (उकळलेल्या जवस तेलाचे) दोन हात दिले की तुमच्या आईला एका बोटाने लागतील. पाणी आत येतं कारण उंबऱ्याला बाहेरच्या बाजूने उतार नाही, नाहीतर वरचा छज्जा तुटलाय. दोन्हींपैकी कशालाही यूपीव्हीसी हे उत्तर नाही.

कृष्णाकाठ
लाकडाचं प्रेम समजतं, पण दर दोन वर्षांनी तेलपाणी कोण करणार? यूपीव्हीसीला वाळवी नाही, गंज नाही, रंग नाही. म्हाताऱ्या माणसाला तेच बरं.

रंधा
स्लायडिंग उघडून उघडून निम्मीच उघडते, एक काच कायम दुसरीच्या मागे. जुन्या घराला वारा पूर्ण खिडकीचा लागतो, नाहीतर भिंती घाम धरतात. आणि मातीच्या भिंतीत यूपीव्हीसीचे फास्टनर धरतात का, विचारा त्याला. ड्रिल लावलं की भुगा बाहेर येतो. मग तो कडेने सिमेंट थापणार, आणि मातीला सिमेंट कधी नीट धरत नाही. दोन पावसाळ्यांत फट पडते.

निवडुंग
यूपीव्हीसी घेतली तर ट्रॅकला खाली पाणी जायची छिद्रं आहेत का बघा, आमच्याकडे ती आतल्या बाजूला पाडली होती. आणि डासांच्या जाळीचा वेगळा ट्रॅक सांगा. आमच्याकडे मिरजेत संध्याकाळी जाळीशिवाय बसवत नाही.

चौकोनी_चंद्र
शेजाऱ्याचा उजेड-वाऱ्याचा हक्क २० वर्षांनी पक्का होतो, १८८२चा सुविधाधिकार कायदा. समोरचे काका त्याच्या जोरावर बोलत असतील.

वकिली_चष्मा
तो हक्क त्यांच्या खिडकीला येणाऱ्या उजेडाचा. यांनी आपली खिडकी मोठी केल्याने त्यांचा उजेड कसा अडेल? काहीतरी वेगळं आहे. धागाकर्ते, काकांचा नेमका आक्षेप काय आहे?

पुणेकर_मूळसातारा
ग्रिल. प्रत्येक खिडकीला बाहेरून बॉक्स ग्रिल येणार आहे, दीड फूट. आईला तुळस आणि कुंड्या ठेवायला. पहिल्या मजल्यावर आहे, खाली कुणाला लागत नाही. काका म्हणतात गल्ली आधीच अरुंद, उद्या गॅसची गाडी अडकेल.

ओळंबा
हे मी पहिल्याच प्रतिसादात विचारलं होतं. घराची भिंत थेट रस्त्याच्या हद्दीवर आहे ना?

पुणेकर_मूळसातारा
हो, पायरी उतरली की रस्ता.

ओळंबा
मग दीड फूट म्हणजे दीड फूट सार्वजनिक रस्त्यावर. मजला कुठलाही असो. छज्जा, ग्रिल, बाल्कनी यांच्या ज्या सवलती नियमावलीत आहेत त्या आपल्या जागेतल्या सामासिक अंतरात, म्हणजे भिंत आणि हद्द यांच्यामध्ये मोकळ्या सोडलेल्या जागेत. तुमच्यापुढे ते अंतरच नाही. ग्रिलला परवानगी मागितली तरी मिळणार नाही. काकांनी अर्ज दिला तर त्याची दखल घ्यावीच लागेल, आणि नगररचना कायद्याच्या कलम ५३ची नोटीस आली तर काढायचा खर्चही तुमचाच.

वकिली_चष्मा
ग्रिलच्या बाबतीत पूर्ण सहमत. आणि ओळंबांच्या चौथ्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही. मालमत्ता पत्रकावर नाव कुणाचं?

पुणेकर_मूळसातारा
आजोबांचं. पण घरपट्टी आम्हीच भरतो.

वकिली_चष्मा
घरपट्टी भरल्याने मालकी येत नाही. वारस नोंद झालेली नाही म्हणजे कायद्याने तुमचे चुलते, आत्या, चुलत भावंडं सगळी हिस्सेदार. भिंत फोडायच्या कामाला परवानगीचा अर्ज केलात तर सर्वांची संमती मागतील. साध्या दुरुस्तीलाही एक फोन करून विचारा. खाली भाडेकरू आहे का?

पुणेकर_मूळसातारा
एक दुकान आहे. त्याचा काय संबंध?

वकिली_चष्मा
जागा दुरुस्त ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे, भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम १४. पण त्याच्या डोक्यावरची भिंत फोडताना त्याला आगाऊ न सांगणं परवडणार नाही.

कृष्णाकाठ
अर्ज टाकून ठेवायचा. ६० दिवसांत उत्तर नाही आलं तर मंजूर समजायचं, नगररचना कायद्याचं कलम ४५. आमच्या भावकीत एकाने तसंच केलं.

ओळंबा
मानीव परवानगी नियमात बसणाऱ्या कामालाच मिळते. रस्त्यावरचं ग्रिल ६०० दिवसांनीही नियमात बसणार नाही. कृपया कुणाला असा सल्ला देऊ नका, लोक त्यावर पैसे घालतात.

पेठेतली_लेक
मी मंगळवार पेठेतली. आणखी दोन गोष्टी बघा. विकास आराखड्यात तुमच्या गल्लीला रस्तारुंदीची रेषा आहे का, आणि वारसा वास्तूंच्या यादीत घर आहे का. रुंदीकरणात पुढची भिंत जाणार असेल तर तिच्यावर खर्च करण्यात अर्थ नाही. केंद्राचं संरक्षित स्मारक जवळ असेल तर १०० मीटरच्या आत दुरुस्तीलाही वेगळी परवानगी लागते, त्यापुढच्या २०० मीटरलाही. तुमच्याकडे तसं नसेल, पण विचारायला पैसे पडत नाहीत.

आणि एक मनापासून. आपल्या पेठांमधली तोंडं एकेक करून पांढऱ्या प्लॅस्टिकची होत चाललीत. तुमच्या खिडक्यांना गज आहेत ना, खाली कोरीव पट्टी? ती एकदा गेली की परत कुणी करून देणार नाही.

पुणेकर_मूळसातारा
पट्टी आहे. दोन खिडक्यांवर मोर आहेत.

सगळ्यांना धन्यवाद. चुलत्यांना फोन केला, ते म्हणाले आहे त्या मापात कर, माझं काही म्हणणं नाही, लिहून देतो. आईने शेजारच्या पोराकडून चौकटी ठोकून घेतल्या. तीन खिडक्यांत खालचं हातभर भद्द वाजतंय, दोन पूर्ण टणक आहेत. बॉक्स ग्रिल रद्द केलं. ॲल्युमिनिअमवाला ॲडव्हान्स परत द्यायला तयार नाही, ग्रिलचं लोखंड कापलंय म्हणतो. त्याचं काय करू? आणि आहे त्या मापात दुरुस्ती केली तर काहीच कळवायचं नाही का?

रंधा
कुंड्या मागच्या अंगणात ठेवा आणि त्याच लोखंडातून तिथला स्टँड करून घ्या. त्याच्या यूपीव्हीसीतल्या दोन खिडक्या मागच्या बाजूला, आहे त्या मापात लागत असतील तर तिकडे वळवा. पैसे बुडणार नाहीत, त्याचाही माल पडून राहणार नाही.

ओळंबा
आहे त्या मापात, बाहेर काही न काढता, तर परवानगी लागत नाही. तरी काकांनी अर्ज द्यायचं बोलून दाखवलंय म्हणून पालिकेत एक साधं पत्र द्या: जुन्या चौकटींची त्याच मापात दुरुस्ती करत आहोत, रस्त्याकडे काहीही वाढवत नाही. सोबत आत्ताचे फोटो आणि टेपने घेतलेली मापं. आवक शिक्क्याची पोच घ्या आणि एक प्रत काकांना स्वतः नेऊन द्या.

सुतार कुणीही येवो, एका वेळी एकच खिडकी उघडायला सांगा. चौकट सुटी करण्याआधी वरच्या लाकडाला आतून-बाहेरून टेकू, आणि टेकूखाली जाड फळी. नुसत्या शेणाच्या जमिनीवर टेकू उभा करू देऊ नका. पाऊस पूर्ण थांबल्याशिवाय भिंतीला हात नको, ओली माती कधीही बसते.

पुणेकर_मूळसातारा
सोमवारचं रद्द केलं. व्यंकटपुऱ्यात येऊन सांधा करून देणारा सुतार कुणाच्या ओळखीत असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा. आईचा नंबर देतो.

निवडुंग
जाळी शेवटी कुठली लावताय? लाकडी खिडकीला आतून चुंबकपट्टीची जाळी लागते, झडपा बाहेर उघडत असतील तर. कुठल्या बाजूला उघडतात तुमच्या?