गावचं मातीचं घर: सिमेंट प्लास्टर करू की माती-चुनाच ठेवू? (मुरबाड)

घोडबंदरकर
नमस्कार मंडळी. आम्ही ठाण्यात कासारवडवलीला राहतो पण मूळ घर मुरबाड तालुक्यात आहे. आजोबांच्या वेळचं, काळ्या दगडाचं जोतं, त्यावर भट्टीच्या विटांची मातीत बांधलेली भिंत, मागच्या पडवीला आणि गोठ्याला कारवीच्या काठ्यांचा लिंपलेला कूड, वर सागाचे वासे आणि मंगलोरी कौलं. बाबा रिटायर झालेत, आता त्यांना आणि आईला बराचसा वेळ तिकडेच काढायचाय म्हणून दुरुस्ती काढलीये.

भानगड अशी आहे की काही वर्षांपूर्वी काकांनी पुढची भिंत सिमेंटने प्लास्टर करून घेतली, वर ऑइलपेंट मारला, आणि आता अख्ख्या घरात तीच भिंत सगळ्यात खराब आहे. कमरेपर्यंत ओल चढलीये, रंगाचे पोपडे सुटलेत, हात फिरवला की पांढरी भुकटी लागते आणि दोन-तीन ठिकाणी ठोकून बघितलं तर आवाज पोकळ येतो. बाजूची भिंत मातीच्या गिलाव्याची, आजी होती तोवर दरवर्षी शेणमातीने लिंपायची, ती दिसायला ओबडधोबड आहे पण कोरडी ठणठणीत.

कॉन्ट्रॅक्टर म्हणतो सगळं खरवडून टाका, वॉटरप्रूफिंगचं केमिकल घालून परत सिमेंट करतो आणि खाली ४ फूट टाइल्स मारतो, टेन्शन खल्लास. एक आर्किटेक्ट मित्र म्हणतो चुना वापर. बाबा म्हणतात बघ बाबा, कोणीतरी आपल्याला चुना लावेल. मला कळत नाहीये की सिमेंट इतकं मजबूत असून तीच भिंत का सडली, आणि आपल्याकडच्या पावसात माती किंवा चुना खरंच टिकतो का, आणि हे काम करणारा माणूस मिळतो कुठे. कोणी केलं असेल तर सांगा प्लीज.

ओळंबा (नेरुळ)
आयुष्यभर आरसीसीची कामं केली, आता रिटायर आहे, त्यामुळे सिमेंटवर माझा काही राग नाही. पण तुमच्या भिंतीला ते चालत नाही आणि त्याला कारण आहे.

मातीत बांधलेल्या भिंतीत जमिनीतून थोडी ओल वर चढतेच, जुन्या घरांना डीपीसी, म्हणजे जोत्यावर ओल अडवणारा थर, नसतो. माती किंवा चुन्याचा गिलावा असला की ती ओल तिथल्या तिथे वाफ होऊन बाहेर निघून जाते. सिमेंट आणि त्यावर ऑइलपेंट म्हणजे भिंतीला रेनकोट घातल्यासारखं झालं, आतला घाम आतच. मग पाणी वाट शोधत आणखी वर चढतं, सोबत मातीतले क्षार आणतं, ते पृष्ठभागाशी येऊन स्फटिक होतात आणि फुगून रंग उडवतात. तुमच्या हाताला लागते ती भुकटी तीच, लोणा लागला म्हणतात ना तो. आणि पोकळ आवाज येतो तिथे सिमेंटने मागची माती सोडलीये, कारण सिमेंटचा थर कडक आणि मागची भिंत नरम, ऊन-पावसात दोघांची हालचाल वेगवेगळी. खरी काळजी वेगळीच, ओल अडकून राहिली की विटांमधली माती मऊ पडते आणि भिंतीचा पायथाच कमजोर होतो.

टाइल्स लावल्या तर काय होईल सांगतो, आज कमरेला असलेली ओल टाइलच्या वर छातीला दिसेल. लावू नका. नरम भिंतीला नरमच गिलावा, हा साधा नियम आहे.

एक विचारतो, अंगणात नंतर काही काम झालंय का? पेव्हर ब्लॉक, कोबा वगैरे? आणि जोतं आता जमिनीच्या किती वर आहे?

कळव्याचा_पाहुणा
हे सगळं इन्स्टावर फार छान दिसतं हो, मातीचं घर, चुन्याची भिंत, पितळी तांब्या. प्रत्यक्षात गवंडी मिळत नाही, मिळाला तर त्याला चुन्याचं काम येत नाही, दर दोन वर्षांनी लिंपायला बसायला आता घरात कोण आहे? वाळवी, उंदीर, विंचू हे वेगळेच. आणि १९९३ ला किल्लारीला काय झालं ते विसरलो का आपण? दगड-मातीच्या भिंतीच होत्या ना त्या, झोपेत माणसं गाडली गेली. आईवडील राहणार असतील तर कॉलम-बीम टाकून नवीन बांधा, एकदाच काय तो खर्च.

तसंच मातीचं घर थंड असतं हे पण पूर्ण खरं नाही. घाटावर ठीक आहे, तिथे रात्री गारवा पडतो. आपल्याकडे मे महिन्यात रात्री पण घाम येतो, भिंत गार होणार कधी?

चिरेबंदी_ऐरोली
माझं माहेर राजापूरचं, घर जांभ्याचं, त्यामुळे मातीचा अनुभव नाही पण पावसाचा भरपूर आहे. जांभा खाणीतून निघतो तेव्हा ओलसर आणि इतका नरम असतो की हत्याराने सहज तासता येतो, आणि हवेवर पडला की घट्ट होत जातो, त्यातल्या लोखंडामुळे तो लाल रंग. माथेरानला जी लाल धूळ कपड्यांना लागते ना ते पण जांभ्याचंच. आमच्याकडे बाहेरून गिलावा करायची पद्धतच नव्हती, चिरा तसाच उघडा, दरजा म्हणजे चिऱ्यांमधले सांधे फक्त भरायचे. भावाने हौसेने एका बाजूला सिमेंट मारलं तिथे आतून कपाटातल्या साड्यांना बुरशी आली, बाकी घर छान.

पण मला सांगायचंय ते वेगळं. आमच्याकडे भिंतीपेक्षा पागोळ्यांची जास्त काळजी घ्यायचे. कौलं भिंतीच्या चांगली पुढे यायला हवीत, पागोळीचं पाणी जोत्याच्या बाहेर पडायला हवं, आणि झड ज्या बाजूने येते त्या पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्यात झावळ्यांची विणलेली झापं बांधायची. म्हातारी माणसं पहिल्या मोठ्या सरीत छत्री घेऊन घराभोवती फिरायची, पाणी कुठे साचतंय कुठे उडतंय बघायला. घोडबंदरकर, तुमच्या पुढच्या भिंतीवरचं छप्पर नंतर कोणी कापलं तर नाही ना? गाडी लावायला किंवा पत्र्याची शेड जोडायला बरेच जण कापतात.

पाहुणेदादा, उंदीर विंचू स्लॅबच्या घरात पण येतात, ऐरोलीला या दाखवते.

ओळंबा (नेरुळ)
किल्लारीचा मुद्दा टाळण्यासारखा नाही म्हणून उत्तर देतो. तिथल्या भिंती जाडजूड, दोन बाजूंना ओबड दगड आणि मध्ये माती-दगडांची भर, दोन्ही बाजू एकमेकांत गुंतवणारे आरपार दगड नाहीत, आणि डोक्यावर मातीचं धाबं, टनावारी वजनाचं. हादरा बसला की भिंतीचे दोन पदर फाकले आणि वरचं सगळं खाली आलं. कोकणातल्या आणि मुरबाडकडच्या घरांवर लाकूड आणि कौलं, वजन त्या मानाने खूपच कमी. तरी भिंतीचे कोपरे एकमेकांत नीट गुंतलेत का, वासे आणि आडव्या तुळया भिंतीला धरून आहेत का, हे स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवाच. माझ्यासारख्या ऑनलाइन म्हाताऱ्याच्या भरवशावर राहू नका.

थंडाव्याबद्दल पाहुण्यांशी सहमत. आपल्याकडे भिंत जाड असून फार फरक पडत नाही, फरक पडतो तो उंच पाख्याने, कौलांच्या फटीतून गरम हवा निघून जाण्याने आणि पडवीमुळे भिंतीवर ऊन न पडण्याने. म्हणून एवढंच सांगतो, कौलं काढून स्लॅब नको. पण कॉलम-बीमचा सल्ला पटला नाही, भिंत उभी आहे, कोरडी होऊ शकते, पाडायची कशाला?

वाशी_से_२९
मधेच विचारतो, माफ करा. आमच्या फ्लॅटमध्ये बेडरूमच्या भिंतीला ओल आहे, तिथे चुन्याचं प्लास्टर केलं तर जाईल का?

ओळंबा (नेरुळ)
नाही हो. मागे बाथरूम असेल, पाइप किंवा टाइल्सचे जोड बघा आधी. पाणी येतंय ते बंद केल्याशिवाय चुना काय आणि सोनं काय. हौस म्हणून विटांच्या भिंतीवर आतून चुना करता येतो पण जुना प्लास्टिक पेंट पूर्ण काढावा लागतो, त्यावर चुना धरत नाही.

वर्तकनगरचा_शहापूरकर
कुडाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. कारवीचा कूड अजिबात काढू नका राव. कारवी साधारण आठव्या वर्षी एकदाच फुलते, मग वाळते, त्या काठ्या कापून उभ्या लावून आडव्या बांबूच्या कामट्यांना बांधतात आणि दोन्ही बाजूंनी शेणमाती. आमच्याकडे वारली, ठाकूर, कातकरी वस्त्यांवर अजून आहेत. गोठ्याला त्याच्यासारखं काही नाही, हवा खेळते, म्हशीचा धक्का लागला तर वाकतो पण मोडत नाही, एखादी काठी किडली तर तेवढीच बदलायची. फक्त खालचं टोक जमिनीत पुरलेलं नको, तिथूनच वाळवी लागते, दगडाच्या ओळीवर टेकवा. आणि काठ्या कमी पडल्या तर येऊरला जाऊन तोडायचा विचार करू नका, तो नॅशनल पार्क आहे, गावातल्याच कोणाकडून घ्या.

लिंपायची माती: शेतातली काळी माती वापरू नका, ती पावसात फुगते, उन्हात आकसते, भिंतीला भेगाच भेगा. तांबडी किंवा वारुळाची माती घ्या. काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी, चिमूटभर मीठ, जोरात हलवून एक दिवस ठेवा. खाली रेती बसते, मध्ये गाळ, सगळ्यात वर चिकणमाती, थर चक्क दिसतात. चिकणमातीचा थर जाड असला तर रेती आणि भाताचा पेंढा वाढवायचा. पेंढा बारीक कापून मातीत कालवून काही दिवस कुजू द्या, वास येतो, आई ओरडेल, येऊ द्या.

घोडबंदरकर
बापरे, इतकी उत्तरं, मनापासून धन्यवाद. ओळंबाकाका आणि ताई, तुम्ही दोघांनी नेमकं तेच विचारलंत. फोन करून बाबांना टेप घेऊन बाहेर पाठवलं. काकांनी प्लास्टर केलं तेव्हाच अंगणात कोबा करून घेतला होता, भिंतीला चिकटून, आणि अंगण उंच झाल्यामुळे जोतं आता जेमतेम चार बोटं वर दिसतंय, पूर्वी दोन पायऱ्या चढून ओटीवर जायचो. शिवाय गाडीसाठी पुढची पागोळी कापून पत्रा जोडलाय आणि त्याचा पन्हळ गळका, सगळं पाणी कोब्यावर पडून भिंतीवर उडतं. म्हणजे प्लास्टरला एकट्याला दोष देऊन उपयोग नाही.

आता ठरलंय असं: भिंतीलगतचा कोबा फोडायचा, तिथे चर काढून खडी भरायची, पाणी मागच्या उताराला काढायचं, पत्र्याच्या जागी परत वासे वाढवून कौलं. कौलं जुनीच मिळतात का बघतो, एका कौलाच्या पाठीमागे मंगळूरच्या कारखान्याचा छाप आहे, बाबांना त्याचं भारी कौतुक. सिमेंट काढून भिंत एक उन्हाळा उघडी सुकू द्यायची. कूड राहणार. चुना बाहेरून फक्त पुढच्या भिंतीला, बाकी मातीच. तर चुन्याचं कसं करायचं तेवढं सांगा, हार्डवेअरमध्ये फक्कीची, म्हणजे चुन्याच्या तयार पुडीची, पिशवी मिळते ती चालेल का?

ओळंबा (नेरुळ)
आता काम बरोबर लाइनीला लागलं. सिमेंट काढताना ब्रेकर लावू देऊ नका, छिन्नी-हातोडीने हळू, जिथे पोकळ आहे तिथून सुरुवात करा, घट्ट धरलेलं असेल तिथे विटेचा तोंडवळा निघून येतो, तो भाग सावकाश.

फक्की सफेदीला ठीक, ती बरेचदा उघडी राहून अर्धी मेलेली असते. गिलाव्याला कळीचा चुना घ्या. चुनखडी साधारण ९०० अंशांवर भाजली की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कळी उरते, पाण्यात टाकली की ती चुरचुरत फुटते, उकळते, आणि भिंतीवर लावल्यावर महिनोन्महिने हवेतून तोच वायू परत घेऊन पुन्हा दगड होते. म्हणून घाई चालत नाही. काम दिवाळीनंतर काढा म्हणजे पावसापर्यंत त्याला वेळ मिळतो, एप्रिल-मेच्या उन्हात लावलात तर तडकेल.

भिजवताना लोखंडी पिंप घ्या, प्लास्टिकचं वितळू शकतं. आधी पाणी, मग त्यात थोडी थोडी कळी, उलटं कधीही नाही, कळीवर पाणी ओतलं तर अंगावर उडतं. डोळ्यांना गॉगल, हातात रबरी मोजे, पोरांना लांब ठेवा, डोळ्यात गेला तर लगेच भरपूर पाण्याने धुवत राहायचं आणि थेट डॉक्टर. सगळं फुटून शांत झालं की चाळून वर पाणी ठेवून झाका, किमान तीन-चार आठवडे, जितका मुरेल तितका लोण्यासारखा होतो.

बाहेरच्या भिंतीला नुसता चुना-रेती नको, सुरखी घाला, म्हणजे कमी भाजलेल्या विटेची बारीक पूड, जळून काळी पडलेली वीट त्यासाठी कामाची नाही. १ भाग चुना, १ सुरखी, २ रेती इथून सुरुवात करा आणि आधी मागच्या कोपऱ्यात हातभर तुकडा करून बघा. सुरखीमुळे तो ओलीतही धरतो. रेती नदीची, धुतलेली. खाडीची असेल तर मीठ परत भिंतीत जाईल आणि पहिले पाढे पंचावन्न. भिंत आदल्या दिवशी भिजवा, थर अर्ध्या इंचाच्या आत, दुसरा थर पहिला आवळल्यावर, आणि वर ओलं गोणपाट आठवडाभर. जुने गवंडी गूळ आणि हिरड्याचं पाणी घालायचे, घालायचं तर बेताने, मुंग्या लागल्या तर मला नावं ठेवू नका. वर रंग द्यायचा तर चुन्याचीच सफेदी, ऑइलपेंट नाही.

माणसासाठी वसईच्या बाजूला जुन्या चर्चची, वाड्यांची दुरुस्ती करणारे गवंडी विचारून बघा. नाही मिळाले तर गावातलाच हात चांगला असलेला गवंडी घ्या आणि तो तुकडा त्याच्याकडूनच करून घ्या.

कळव्याचा_पाहुणा
ठीक आहे, कोब्याचं ऐकून मी पण गप्प. फक्त तो कोबा फोडताना काकांना आधी सांगा, पैसे त्यांनी घातलेत.