पर्ससीनचा वाद : आकडा शास्त्राचा, वाटणी कुणाची?

खाडीकाठचा : परवा रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात चहा घेताना एक जण म्हणाला, "शास्त्रज्ञ सांगतील तेवढेच मासे मारू, मग भांडण कसलं?" ऐकायला सरळ, पण पाणी मुरतंय ते इथेच. शास्त्र फार तर सांगेल, की साठा न घटवता वर्षाला जास्तीत जास्त किती बांगडा काढता येईल. पण जास्तीत जास्त काढायचाच, हे ठरवलं कुणी? आणि तेवढा बांगडा एका पर्ससीन बोटीने मोठ्या जाळ्याचा थव्याला वेढा घालून उचलला काय, की अख्ख्या वाडीने रापण, म्हणजे किनाऱ्यावरून हाताने ओढायचं जाळं, ओढून काढला काय, आकडा तोच. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्याने पर्ससीनवर बंधनं घातली, तेव्हाही तोंडी साठा होता नि पोटात वाटणी. निदान मला तसं वाटतं.

सुकट_बोंबील : वा! म्हणजे रापण पुण्यवान आणि पर्ससीन पापी, हे तुमचं गृहीतक नाही वाटतं? रापणीच्या बारीक आसात पिल्लं येत नाहीत? आमच्या पर्ससीन बोटीवरचे खलाशी बरेचसे नेपाळचे. तुमच्या वाटणीत त्यांचं पोट धरलंय का?

खाडीकाठचा : पिल्लांचं खरं आहे. खलाशांचा विचार मी केला नव्हता, कबूल.

दर्यावर्दी_मालवण : गृहीतकां रव्हांदेत बाजूक. एलईडी दिव्यांच्या उजेडार मासे जमवन केलेल्या मासेमारीर केंद्रान २०१७ सालीच बंदी घातल्यान, तरी रातचो दर्यात उजेड दिसता. त्येचा काय?

सुकट_बोंबील : ते चुकीचंच. पण सगळ्या पर्ससीनवाल्यांना त्यात ओढू नका.

मत्स्यशास्त्र_शिकवते : एक दुरुस्ती. 'जास्तीत जास्त'चं ते सूत्र बहुधा एकेक जात सुटी धरून मांडतात. तारली खाऊन जगणारी सुरमई त्यात येत नाही. वर्गात हे आम्ही सांगतो, पण साठ्याच्या अहवालाचा सारांश होताना नेमकं हेच गळतं. उलट १ जून ते ३१ जुलैची पावसाळी मासेमारीबंदी बघा : माशांची वीण आणि खवळलेला समुद्र, दोन्ही कारणं उघड सांगितलेली. पहिलं माशांसाठी, दुसरं माणसांसाठी. ती मुदत नारळी पौर्णिमेपर्यंत न्यावी का, यावरही लोक भांडतात, पण कशासाठी भांडतोय ते त्यांना ठाऊक असतं.

सुकट_बोंबील : बाई, मग ते गळलेलं पान आम्हालाही वाचायला द्या. आमच्यापर्यंत पोचतो तो आकडा तेवढा.