खुबा दुखतो म्हणजे वातच का?

दादा, काकांचा खुबा दुखतो, तो वातच का, असं विचारलंत. आधी त्यांना विचारा, दुखतं म्हणून बोट नेमकं कुठं ठेवतात. बाहेरच्या बाजूला कुशीवर झोपताना दुखत असेल तर बहुधा स्नायूबंध, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारे दोर, दुखावलेले. कुल्ल्यातून पोटरीपर्यंत कळ जात असेल तर कंबरेची नस. जांघेत दुखतं, उकिडवं बसता येत नाही, सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासात सुटतो आणि वय पन्नाशीपुढचं, तर सांध्याच्या झिजेचा संशय घ्या.

आपल्या गडचिरोली-चंद्रपूरकडं मात्र तरुण पोराची जांघ दुखली की सिकलसेलची, म्हणजे लाल रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकड्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराची, तपासणी आधी करावी. त्यात खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. सुरुवातीला एक्स-रे साफ येतो, एमआरआयमध्ये दिसतं. पऱ्हाटीचा कापूस वेचून दुखतंय म्हणून तेल चोळत बसतात लोक! अन् म्हातारं माणूस पडून पाय टेकवेना, तर चोळूच नका, थेट दवाखान्यात न्या.